खाणीत 40 लाख टाकू का? आणि ‘सरकारी मान्यता आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. म्हणजे तुम्ही नागपूरचे, व्हीआरएस घेतली, हातात 40 लाख आहेत, आणि साळ्याच्या मित्रानं ऑफर आणली की तुमसरकडे मँगनीजची ‘लीजवाली’ खाण आहे, आयबीएममधून (म्हणजे भारतीय खाण ब्युरोतून) खाणकामाचा प्लॅन पास आहे, सगळी सरकारी मान्यता आहे, पैसे टाका, महिन्याला 3 टक्के घ्या, वरून नफ्यात 10 टक्के. आणि तुम्ही विचारून राहिले की देशात एवढं खनिज आहे, सरकार स्वतः ऑक्शन करून राहिलं, मग यात रिस्क काय.

मी जिऑलॉजिस्ट आहे, 24 वर्षं या धंद्यात. आधी ड्रिलिंगच्या कॅम्पवर, आता मायनिंग प्लॅन बनवतो (पूर्वी आम्हाला आरक्यूपी म्हणायचे, आता क्वालिफाईड पर्सन म्हणतात, काम तेच). त्यामुळे जे सांगतो ते पोटापाण्याच्या कामातून आलेलं आहे, वकील किंवा सीए म्हणून नाही, ते दोघं तुम्हाला लागतीलच.

पहिलं म्हणजे तिथं मँगनीज आहे की नाही हा तुमचा प्रश्नच नाही. तुमसर म्हटल्यावर मँगनीज असणारच. मनसर, कांद्री, गुमगावपासून निघालेला पट्टा भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग, चिखल्यावरून पुढं बालाघाटात जातो, मॉईलच्या (मँगनीज काढणारी सरकारी कंपनी) खाणी याच पट्ट्यावर ओळीनं बसल्या आहेत. इथल्या एका मँगनीजवाल्या खडकाचं नावच गोंडाइट आहे, गोंडांच्या नावावरून फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानं ठेवलेलं. तर दगड आहे. प्रश्न असा की तो दगड काढून विकायचा हक्क कागदावर नेमका कोणाचा आहे, कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि तुमचे 40 लाख त्या हक्काला कुठे चिकटतात. माझ्या अंदाजानं तिसऱ्याचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं निघेल, पण कागद न बघता मी छातीठोक बोलणार नाही.

आता ते ‘सरकारी मान्यता’. लोकांना वाटतं सरकार लक्ष ठेवून आहे म्हणजे आपला पैसा सेफ. उलटं आहे. महाराष्ट्रात जमीन तुमच्या बापजाद्यांची असली तरी खालचं खनिज सरकारचं, जमीन महसूल संहितेचं कलम 48 वाचा. म्हणजे खाणवाला हा सरकारचा माल काढून नेणारा माणूस आहे, आणि सगळी देखरेख ही मालकानं आपल्या कोठारावर ठेवलेली आहे, किती नेला, रॉयल्टी भरली का, खड्डा बुजवणार का, मजूर मरणार तर नाही ना. खाणवाल्यानं कोणाकडून पैसे उचलले आणि ते परत देणार का हे यातला एकही अधिकारी बघत नाही, त्याचं ते कामच नाही.

आयबीएमचंच घ्या (कॉम्प्युटरवाली नाही, आपली सिव्हिल लाईन्सची, इंदिरा भवनातली, भारतीय खाण ब्युरो, 1948 पासूनची). हेडऑफिस नागपुरात असल्यामुळे आपल्याकडे तिसरा माणूस ‘आयबीएममध्ये आपली ओळख आहे’ म्हणतो. आयबीएम काय करते, तर मायनिंग प्लॅन तपासते की बाबा शास्त्रशुद्ध खणणार का, बेंच (खड्ड्यातल्या पायऱ्या) किती उंचीचे, ओव्हरबर्डन (खनिजाच्या वरची माती-दगड) कुठं टाकणार, खाण बंद करताना काय करणार. प्लॅन पास झाला म्हणजे ‘असं खणायचं ठरवलं तर ही पद्धत ठीक आहे’ एवढंच. खणायचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि मंजुरीच्या पत्रात तसं लिहिलेलंही असतं की बाकी कायद्यांखालच्या परवानग्या यात धरू नका. पण व्हॉट्सॲपवर फिरतं ते पहिलं पान, अशोकस्तंभवालं. अटींचं पान कोणी फॉरवर्ड करत नाही. मी बनवलेल्या एका प्लॅनचं पहिलं पान मला स्वतःलाच एकानं ‘इन्व्हेस्टमेंट अपॉर्च्युनिटी’ म्हणून पाठवलं होतं, त्या लीजवर तेव्हा जंगलखात्याची परवानगी यायची होती.

आयबीएमशिवाय राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे, तेही नागपुरातच, कलेक्टर ऑफिसात जिल्हा खनिकर्म अधिकारी बसतो, मग पर्यावरण मंजुरी वेगळी, प्रदूषण मंडळाची संमती वेगळी, वनखातं वेगळं, सुरक्षेसाठी धनबादवालं डीजीएमएस, आणि गडचिरोलीसारख्या भागात ग्रामसभा. प्रत्येकजण आपापला तुकडा बघतो. दहातल्या नऊ मंजुऱ्या असलेली खाण ही कायद्याच्या नजरेत बेकायदाच असते, ‘नव्वद टक्के झालं’ हा प्रकार इथं नाही. आणि हे मी घाबरवायला सांगत नाही, सुप्रीम कोर्टानं 2 ऑगस्ट 2017 ला ओडिशाच्या खाणींच्या केसमध्ये सरळ सांगितलं की पर्यावरण मंजुरी नसताना किंवा मंजुरीपेक्षा जास्त काढलेला माल हा बेकायदा, आणि एमएमडीआर कायद्याच्या (खाणी-खनिजांचा केंद्राचा कायदा) कलम 21(5) खाली त्याची शंभर टक्के किंमत वसूल करा. नफा नव्हे, पूर्ण किंमत. त्या लोकांकडे लीज होती बरं का.

आता इथं एक गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची. ‘नफ्यात 10 टक्के’ म्हणजे तुम्हाला पार्टनर करणार असं दिसतं. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मच्या पूर्ण देण्याला जबाबदार असतो, तुमचा हिस्सा 10 टक्के म्हणून वसुली 10 टक्के असं नसतं. उद्या फर्मवर दोन कोटींची डिमांड निघाली आणि बाकीचे गायब झाले, तर नोटीस तुमच्या घरी येईल. 40 लाख बुडाले तर बुडाले असं म्हणून तुम्ही मन घट्ट केलं असेल, पण इथं बुडायची हद्द 40 लाखाला संपत नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी असेल तर गोष्ट वेगळी, ते सीएला विचारा.

लीजची तारीख. हा माझा पहिला प्रश्न असतो आणि निम्मे प्रस्ताव इथंच झोपतात. 12 जानेवारी 2015 पासून मोठ्या खनिजांच्या (मँगनीज, लोखंड, बॉक्साइट वगैरे) लीज ऑक्शननंच मिळतात, मुदत 50 वर्षं, नूतनीकरण नाही. त्याआधीच्या ज्या लीज होत्या त्यांना कायद्यानं मुदतवाढ दिली, स्वतःच्या कारखान्यासाठी माल काढणाऱ्यांना 31 मार्च 2030 पर्यंत, आणि बाजारात माल विकणाऱ्यांना 31 मार्च 2020 पर्यंत, किंवा मंजुरीपासून 50 वर्षं, किंवा चालू नूतनीकरण संपेपर्यंत, जे उशिरा असेल ते. आता गणित करा. ‘आजोबांच्या काळची लीज आहे, 1966 ची’ असं कोणी अभिमानानं सांगत असेल आणि तो बाजारात माल विकणारा असेल, तर ती लीज बहुतेक 2020 लाच गेली. आजोबांची लीज हे ऐकायला छान वाटतं, पण या कायद्यात म्हातारी लीज ही मेलेली लीज असू शकते.

दुसरं, दोन वर्षं सलग काम बंद असेल तर लीज आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते, सरकारकडून वेळेत मुदतवाढ घेतली नसेल तर. ‘सध्या बंद आहे, तुमचे पैसे आले की चालू करतो’ हे वाक्य ऐकलं की विचारा, बंद कधीपासून आहे.

आणि लेटर ऑफ इंटेंट म्हणजे लीज नाही. ऑक्शन जिंकलं की आधी हे पत्र मिळतं, मग प्लॅन, मंजुऱ्या, सरकारशी करार, मग लीज डीड सही होऊन रजिस्टर होतं, त्यात वर्षं जातात. आपल्या गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीचंच बघा, लीज 2007 ची आणि सलग उत्पादन 2021 नंतर, मधे 2016 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी ट्रक जाळले ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. मोठी कंपनी चौदा वर्षं थांबू शकते. व्हीआरएसच्या पैशावर माणूस थांबू शकत नाही.

विदर्भापुरती अजून एक खास भानगड म्हणजे झुडपी जंगल. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असेल तर तिथं नुसतं गवत आणि पळसाची चार झाडं असली तरी 22 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते वनच धरायचं, म्हणजे केंद्राची वनमंजुरी लागणार. झुडपी जंगलवाल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत भंडारा येतो. तलाठ्याकडून किंवा ऑनलाईन सातबारा काढायला दहा मिनिटं लागतात, तरी लोक काढत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मला ‘फक्त एकदा बघून या’ म्हणून पाठवलं, पैसे टाकायच्या आधी, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. खाण दाखवणारा माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या ढिगाकडेच घेऊन गेला. चांगला ढीग, काळाकुळकुळीत, हातात घेतला की मनगटाला जाणवेल असा जड, बोटं काळी झाली. उत्तम माल. मी नुसता बघत उभा राहिलो कारण काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग ढिगाच्या कडेचे चार दगड पायानं सरकवले तर खाली गवत हिरवं. ढीग महिनाभर पडून असता तर खालचं गवत पिवळं पडून कुजलं असतं. माल दोन-तीन दिवसांपूर्वी आणून टाकला होता. मग खड्ड्यात उतरलो, भिंतीला सगळा अभ्रकवाला शिस्ट, हातोडीनं मारला की पापुद्रे निघणारा, मँगनीजचा पट्टा बोटभरही नाही. ढिगातले दगड मात्र सगळे एका साईजचे, कुठल्यातरी चालू खाणीतून हातानं निवडलेले. मी काही बोललो नाही, चहा घेतला, परत आलो. त्या गृहस्थांचे पैसे वाचले, माझी फी मात्र अजून अर्धीच आली आहे, ते असो.

म्हणून कोणी खाण दाखवायला नेलं तर ढीग बघू नका, खड्ड्याची भिंत बघा. आणि आपल्या पट्ट्यात माल असला तरी तो सरळ चादरीसारखा नसतो, घड्या पडून पडून त्याचे मणी झालेले असतात, एका ठिकाणी चांगला जाड पट्टा आणि पन्नास मीटरवर गायब. त्यामुळे ‘दोन लाख टन आहे’ म्हटलं की विचारायचं, कोणत्या स्तराच्या अभ्यासातून. आमच्याकडे जी4, जी3, जी2, जी1 अशा पायऱ्या आहेत, जी4 म्हणजे नुसती पाहणी, जी1 म्हणजे कमी-कमी अंतरावर बोअर मारून चांगलं तपासलेलं. 2023 च्या फेब्रुवारीत जम्मूच्या रियासीमध्ये 59 लाख टन लिथियमचा साठा सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला आठवतं? तो जी3 चा अनुमानित आकडा होता, तोही खनिजाचा, धातूचा नाही. ब्लॉक लिलावाला काढला तर नियमाप्रमाणे लागणारे तीन पात्र बोलीदारसुद्धा मिळाले नाहीत. ज्यांच्याकडे खरंच पैसा आणि जिऑलॉजिस्टची फौज आहे ते लोक जी3 वर पैसे लावायला कचरतात, आणि आपण व्हॉट्सॲपच्या पीडीएफवर लावतो.

मग संधी नाहीच का, तर तसंही नाही. 2020 मध्ये कोळसा खाजगी कंपन्यांना बाजारात विकण्यासाठी उघडला, 2023 च्या दुरुस्तीनंतर 24 महत्त्वाच्या खनिजांचे ब्लॉक केंद्र स्वतः लिलावाला काढतं, एक्सप्लोरेशन लायसन्स नावाचा नवा प्रकार आला. पण हा हत्तींचा खेळ आहे. ऑक्शनमध्ये प्रीमियम सांगावा लागतो, विकलेल्या मालाच्या किमतीचे अमुक टक्के सरकारला. समजा मालाची आयबीएमनं जाहीर केलेली सरासरी किंमत टनाला 10,000 आहे. मँगनीजची रॉयल्टी 5 टक्के, म्हणजे 500. जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रॉयल्टीच्या 10 टक्के, म्हणजे 50. इथपर्यंत मजेत. पण प्रीमियम 40 टक्क्यांवर सुटला असेल तर वर 4,000. उरलेल्या साडेपाच हजारातून खणणं, डिझेल, मजुरी, वाहतूक, व्याज, सगळं. आणि ही 40 तरी मी सोपी धरली, ओडिशात 2020 च्या लिलावात लोखंडाच्या काही ब्लॉकवर बोली 100 टक्क्यांच्या वर गेल्या. स्वतःचा स्टील प्लांट असणाऱ्याला ते कुठूनतरी परवडतं. या हिशोबातून तुम्हाला महिन्याला 3 टक्के, म्हणजे वर्षाला 36, कोण काढून देणार ते मला तरी दिसत नाही. जो देतो तो बहुतेक मागून येणाऱ्या माणसाच्या पैशातूनच देतो.

त्या 3 टक्क्यांबद्दल अजून एक. ठराविक परतावा कबूल करून चार लोकांकडून पैसे गोळा करणं हे डिपॉझिट झालं, आणि त्याची नोंदणी नसेल तर 2019 च्या अनियमित ठेव योजना बंदी कायद्यात बसतं. खरोखरचा भागीदार म्हणून दिलेलं भांडवल वेगळं, पण मग त्यात फिक्स व्याजाची हमी कशी? हमी दिली तर ठेव, ठेव नसेल तर हमी नाही. दोन्ही एकत्र सांगणाऱ्यानं एकतर कायदा वाचला नाही किंवा फार नीट वाचला आहे.

तुमच्या बाबतीत एक शक्यता अजून राहते, की लीज खरी आहे, चालू आहे, पण ती या मित्राची नाहीच, त्यानं मूळ मालकाकडून ‘रेझिंग कॉन्ट्रॅक्ट’ घेतलं आहे, म्हणजे खणून टनामागे पैसे घ्यायचे. हे सगळ्यात जास्त दिसतं. नुसतं ठेकेदारीचं काम असेल तर ठीक, पण 500 च्या स्टॅम्पवर ‘आजपासून खाणीचा सर्व कारभार अमक्याकडे’ असं लिहून घेतलं असेल तर ते मागच्या दारानं केलेलं हस्तांतरण आहे, राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय त्याला काही किंमत नाही, आणि सापडलं तर लीजच अडचणीत येते. तुमचा पैसा मग ठेकेदाराला दिलेलं हातउसनं एवढाच उरतो.

जर ते मँगनीज नसून गिट्टी, मुरूम किंवा रेती निघाली (हेही होतं, ‘मायनिंग’ म्हणायचं आणि शेवटी दगडाची खदान निघते), तर बरंच चित्र बदलतं. गौण खनिजाचे नियम राज्याचे, 2013 चे, आयबीएमचा संबंध नाही, वाहतुकीचे पास राज्याच्या महाखनिज पोर्टलवर निघतात, आणि लहान माणसाचा पैसा खरोखर चालतो तो याच धंद्यात. पण तिथंही 2012 पासून पाच हेक्टरच्या आतल्या खदानीलासुद्धा पर्यावरण मंजुरी लागते, आणि विनापरवाना उपसा सापडला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वर टिप्पर जप्त. कोणतं खनिज कोणत्या यादीत हेही बदलत राहतं, क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, बॅराइट 2015 मध्ये गौण केले होते, 20 फेब्रुवारी 2025 ला परत मोठ्या खनिजांत आणले. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा सल्ला, माझासुद्धा, तारीख बघून घ्या.

तर आता तुम्ही नेमकं काय करायचं. त्या माणसाकडे रागावून न बोलता तीन गोष्टी मागा. रजिस्टर झालेल्या लीज डीडची प्रत, पूर्ण, सगळी पानं. आयबीएमचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या बारा महिन्यांची मासिक रिटर्न्स, खाणवाल्याला ती ऑनलाईन भरावीच लागतात, चालू खाणीकडे नसूच शकत नाहीत. आणि त्याच बारा महिन्यांची रॉयल्टीची चलनं. रिटर्नमधला टनेज आणि चलनातला टनेज एकमेकांशी जुळतो का एवढं तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटरवर बघू शकता, त्याला जिऑलॉजिस्ट लागत नाही. पर्यावरण मंजुरीची पत्रं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात, तिथं मंजूर टनेज लिहिलेला असतो, तोही या दोघांशी लावून बघा. लीजच्या हद्दीबाहेर 500 मीटरपर्यंत सॅटेलाइटनं नजर ठेवायची सिस्टीम 2016 पासून आहे, पण तुम्हाला तेवढंही नको, लीजचे कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश गुगल मॅपवर टाका आणि खड्डा रेषेच्या आत आहे का बघा. आत नसेल तर पुढचं काही वाचूच नका.

‘हे कॉन्फिडेन्शियल आहे’ असं उत्तर आलं तर मला पुन्हा विचारायची गरज नाही.

आणि खाणीच्या धंद्यात पैसा लावायचाच असेल, खाज आहे म्हणून, तर शेअर बाजारात लिस्टेड कंपन्या आहेत, आपली मॉईलसुद्धा डिसेंबर 2010 पासून लिस्टेड आहे. घ्या असं मी म्हणत नाही, मँगनीजचे भाव वरखाली होतात तसा शेअरही होतो. पण तिथं निदान बुडायची हद्द ठरलेली आहे, आणि दर तिमाहीला हिशोब छापून येतो. माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड ओव्हरमन (खाणीतले पर्यवेक्षक) आहेत, त्यांनी दोन टिप्पर घेऊन कोळशाच्या वाहतुकीला लावले, कटकट भरपूर, ड्रायव्हर पळतात, टायर फुटतात, पण गाडी त्यांच्या नावावर आहे.

कागद मिळाले तर गट नंबर आणि लीज डीडचं पहिलं पान इथं टाका, नावं झाकून. सवडीनं बघून सांगतो. मायनिंग प्लॅन नका पाठवू, तो कदाचित मीच बनवला असेल.